मांडवाची जुनी कार्पेटं पिंजून तंतू मिळतो का? त्यासाठी यंत्र घ्यावं का?

मांडव_कुडाळ:

नमस्कार. कुडाळात आमचा मांडव-डेकोरेशनचा धंदा आहे, सासऱ्यांच्या वेळेपासूनचा. लग्नं, सप्ते, जत्रेतले दशावतार, निवडणूक आली की सभा. पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या कार्पेटांचा ढीग आढ्याला टेकलाय. त्यात काय काय आहे ते सांगते.

स्टेजपर्यंतच्या वाटेवर अंथरतो ती पातळ लाल-हिरवी कार्पेटं, फाटलेली, आचाऱ्याच्या भट्टीच्या ठिणग्यांनी भोकं पडलेली. एका हॉटेलने नूतनीकरणात काढून टाकलेली जाड कार्पेटं. "फुकट मिळतायत" म्हणून सासऱ्यांनी टेम्पो भरून आणली आणि आजवर एकदाही अंथरली गेली नाहीत, कारण एक रोल हलवायला चार माणसं लागतात. सुती सतरंज्या. काथ्याच्या पट्ट्या. प्लास्टिकच्या चटयांचं तर विचारूच नका, हात लावला की तुकडे पडतात.

पाऊस सुरू झाला की शेडचा कुबट वास रस्त्यापर्यंत येतो. गेल्या श्रावणात वाळवीही लागली, पण फक्त हॉटेलच्या कार्पेटांना, तीही पाठीकडून. लाल-हिरव्यांना तोंड लावलं नाही.

भंगारवाला म्हणतो, "वैनी, पत्रा द्या, पुठ्ठो द्या, ह्या नको." जाळायचं नाही हे मी नवऱ्याला पटवलंय. आता घाटावरचा एक यंत्रविक्रेता मागे लागलाय. कार्पेट आत टाका, बाहेर तंतू, गादीवाले दारात रांग लावतील, पीएमईजीपी या सरकारी योजनेतून कर्जही होईल. त्याच्या व्हिडिओत खरंच कापसासारखं काहीतरी बाहेर येतं. नवरा भाळलाय. वही मी लिहिते, म्हणून मला धास्ती. कुणी या कामातलं असेल तर सांगा.

कलमवाला_देवगड:

आमी जुनी कारपेटां कलमांच्या आळ्यात घालतव. गवात येणा नाय, शिपणा कमी लागता. कशाक यंत्रा आणि कर्जा? टेम्पोत भरा आणि हंय पाठवा, भाडा मी देतंय.

कार्डिंगवाला:

ताई, आधी यंत्राचं. घेऊ नका. माझी नोकरी सूतगिरणीत आणि नंतर सिंथेटिक धाग्याच्या कारखान्यात गेली, आता चिपळुणात असतो. अशा यंत्रांचे दाते साफ करणारी पोरं माझ्या हाताखाली होती.

तुम्ही वाळवीचं सहज लिहून गेलात, मला त्यातच बरंच कळलं. वाळवीला पाठ आवडली, म्हणजे तिथे ताग आहे. ताग दोन तऱ्हेच्या कार्पेटांत असतो. रोल उलटा करून बघा. मागून नक्षी दिसत असेल तर ते विणलेलं कार्पेट, ताग त्याच्या विणीतच आहे. मागे नुसतं गोणपाटासारखं कापड चिकटवलेलं असेल तर टफ्टेड. त्याचा कोपरा कटरने सोला. वरची लव पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या कापडात सुईने टोचलेली दिसेल, खालून लॅटेक्सचा, म्हणजे रबरी गोंदाचा थर, आणि त्याला चिकटवलेलं दुसरं कापड. नुसतं लॅटेक्स महाग पडतं म्हणून त्यात खडूची भुकटी ठासून भरतात. अख्ख्या कार्पेटच्या वजनात साधारण तिसरा हिस्सा ही भुकटीच असते. लॅटेक्स जुनं झालं की तडकतं आणि भुकटी गळायला लागते.

व्हिडिओतलं यंत्र चिंध्या फाडायचं असणार. होजियरीची नवी, कोरडी कतरण टाकली की कापसासारखं येणारच, त्यात खोटं काही नाही. पण त्यात तुमचं टफ्टेड कार्पेट टाका. लॅटेक्सने दाते भरतात, घर्षणाने रोळ तापतो, आणि पॉलिप्रॉपिलीन १६५ अंशांच्या आसपास वितळतं. ते दात्यांवर थिजलं की छिन्नी घेऊन बसायचं. बाहेर पडतं ते खडू, रबराचे कण आणि तीन जातींच्या आखूड तंतूंची भेसळ. आखूड तंतूचं सूत होत नाही. फार तर सुयांनी ठोकून जाड फेल्ट, म्हणजे न विणलेलं दाट कापड होतं, ते मोटारींच्या तळाला, गादीतल्या स्प्रिंगांवर घालतात. तो माल घेणाऱ्याला दर महिन्याला तोच तंतू, तितकाच कोरडा, गाडी भरून लागतो. तुमचा अख्खा ढीग यंत्र आठवडाभरात खाईल. मग हप्ता कशावर भरणार?

तुमच्याकडच्या गादीवाल्याला तो तंतू ओंजळभर नेऊन दाखवा. त्याला हलकं, फुगणारं, वास नसलेलं लागतं. रांगेचं कळेल.

हे फक्त छोट्यांचं होतं असंही नाही. अमेरिकेत जॉर्जिया राज्य म्हणजे कार्पेटचं माहेर. तिथे ऑगस्टा गावी जुन्या कार्पेटातलं नायलॉन ६ (नायलॉनची एक जात) मोडून पुन्हा मूळ रसायन, कॅप्रोलॅक्टम, करायचा मोठा कारखाना १९९९ मध्ये निघाला आणि २००१ मध्ये थांबला. शॉ या कार्पेट कंपनीने तो २००७ मध्ये पुन्हा चालू केला, २०१५ मध्ये तो पुन्हा बंद. कॅलिफोर्नियाने २०१० मध्ये कायदा करून २०११ पासून नव्या कार्पेटवर शुल्क लावलं, तेव्हा कुठे जुनी गोळा करायला पैसा उभा राहिला. आपल्याकडे उत्पादकांवर जबाबदारी टाकणारे प्लास्टिकचे नियम वेष्टनांपुरते आहेत, कार्पेट त्यांत बसत नाही. म्हणजे गोळा करणं, वाळवणं, वेगळं करणं सगळं तुमच्या पदरचं.

आता खरं काम. जात ओळखा. प्रयोगशाळा नको, दोन भांडी आणि मीठ पुरे.

पहिल्या भांड्यात साधं पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. गोंदाला न शिवता वरून चिमूटभर लव कापा, बोटांनी सुटी करा, पाण्यात दाबून बुडबुडे निघू द्या. साबण त्याचसाठी, नाहीतर हवा धरून सगळंच तरंगतं. सोडल्यावर वर आलं ते पॉलिप्रॉपिलीन, घनता ०.९१ (पाण्याची १). तळाला गेलं ते दुसऱ्या भांड्यात टाकायचं.

दुसऱ्यात एक लिटर पाणी आणि साडेतीनशे ग्रॅमांहून थोडं जास्तच मीठ. शिरोड्याचं जाडं मीठ तुमच्या जवळचंच, मळकट असेल तर पाणी फडक्यातून गाळा. ढवळूनही तळाशी थोडे खडे उरले पाहिजेत, तेव्हाच पाणी पुरतं भरलं असं समजायचं. त्याची घनता १.२ होते. नायलॉन १.१४, ते यात वर येतं. पॉलिएस्टर १.३८, बुडतं. लोकर १.३, तीही बुडते.

बुडालेल्याची चिमूट धुवून वाळवा, पक्कडीत धरा, अंगणात जाऊन काडी लावा. केस जळल्याचा वास आणि बोटांत चुरडणारी काळी राख म्हणजे लोकर. काळा धूर आणि कडक मणी म्हणजे पॉलिएस्टर. मात्र रबरासारखी जाड पाठ असलेल्या चौकोनी टाइल्स असतील तर काडी लावू नका. ती पाठ बऱ्याचदा पीव्हीसीची असते, जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि घसा धरतो.

लाल-हिरवी पातळ कार्पेटं बहुधा पॉलिएस्टर निघतील. हा तंतू पुष्कळदा पाण्याच्या बाटल्यांपासूनच केलेला असतो, म्हणजे तुमच्याकडे येण्याआधीच त्याचा एक जन्म झालेला. पाठीवर लॅटेक्सचा हात मारलेला नसेल तर ते पिंजता येतं. पण त्याआधी गावातल्या बांधकामवाल्याला विचारा. स्लॅबवर, कॉलमला गोणपाट भिजवून टाकतात, तिथे हे छान पाणी धरतं आणि गोणपाटासारखं कुजत नाही.

कार्पेट सोलताना, झटकताना नाक-तोंड बांधा. खडूपेक्षा मला बुरशीची भीती जास्त.

आणि बागायतदार, तुमच्या भाड्याचं कौतुक आहे, पण हे आळ्यात नको. पहिली दोन वर्षं गवत येत नाही हे खरं. पुढे उन्हाने तंतू ठिसूळ होतो, गवत वरूनच रुजतं, मुळं लवीत शिरतात, आणि ओढायला गेलात तर चिंध्या हातात, बाकीचं मातीत. देवगडच्या कातळावर खड्डे मारून तुम्ही माती विकत आणून घालता. त्या विकतच्या मातीत प्लास्टिकचा भुसा कशाला?

काथ्यावाली_वेंगुर्ला:

कलमवाल्या दादांना माती झाकायला हवंय तर ताईंच्या काथ्याच्या पट्ट्या घ्या की! मागे प्लास्टिकचा थर नसलेल्या तेवढ्याच. काथ्यात लिग्निन (लाकडातला कडक घटक) भरपूर, म्हणून तो सावकाश कुजतो, पाणी धरतो आणि शेवटी मातीच होतो. कोयत्याने तुकडे करून आळ्यात घाला, बुंध्याला चिकटवू नका. जुना काथ्या वळून दोरी करायच्या फंदात मात्र पडू नका, तंतू तुटका असतो, नव्यात मिसळला तर नवी दोरीही कमजोर होते. आमच्या बायका असा माल हातात घेतल्या घेतल्या बाजूला टाकतात.

सतरंज्या धुवून, हातभर तुकडे करून गॅरेजवाल्यांना पुसणी म्हणून द्या. सुती पुसणं तेल शोषतं, ते त्यांना हवंच असतं. मळकट चालतं, ओलं नाही.

मांडव_कुडाळ:

काका, मीठ घालून बसलो आम्ही. सासूबाई म्हणाल्या, लोणच्याचं मीठ कार्पेटात!

हॉटेलची दोन तऱ्हेची निघाली. एक, नक्षीची, मागूनही नक्षी दिसते, वाळवी यांनाच. लव जाळली तर केसांचा वास आला, राख चुरडली, पण राखेत बारीक कडक मणीही राहिले. मिठाच्या पाण्यात बरीचशी लव बुडाली, थोडे तंतू वर राहिले. दुसरी एकरंगी, सोलल्यावर पांढरी भुकटी पडते, लव मिठाच्या पाण्यात सगळी वर. लाल-हिरवी बुडाली, काळा धूर.

यंत्रवाल्याला म्हटलं, आमचंच कार्पेट देते, आमच्यासमोर चालवून दाखवा. त्यानंतर फोन उचलत नाही.

कार्डिंगवाला:

छान. नक्षीचं म्हणजे ८० टक्के लोकर, २० टक्के नायलॉन असणार, हॉटेलांत ही नेहमीची जोडी. केसांचा वास लोकरीचा, मणी नायलॉनचे. तुमच्या ढिगातला सोन्याचा भाग हा. पानिपतला जुनी लोकर फाडून पुन्हा सूत काढतात, त्याची ब्लँकेटं होतात, हा तिथला जुना धंदा आहे. वाळवीने खाल्लेला भाग कापून टाका, उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवा, आणि आधी फक्त नमुना पाठवा, पाच किलो पुरे. सोबत चिठ्ठीत लिहा: विणलेलं, लोकर-नायलॉन, तागाची पाठ, लॅटेक्स किती. असं लिहिणारा विकणारा त्यांना क्वचित भेटतो.

पाठवायचं ते दिवाळीनंतर. पावसाळ्यात बांधलेली गासडी पोचेपर्यंत आतून तापते, बुरशी धरते आणि भाव पडतो. आंब्याच्या दिवसांत गाडीच मिळणार नाही, मिळाली तर आंब्याच्या भाड्यात. कोकणात माल टाकून मुंबईकडे रिकामी परतणारी गाडी गाठा, पुढचं भिवंडीहून बघता येतं.

एकरंगी ते नायलॉन. ते ६ आहे की ६६, हे मीठ सांगत नाही. ६ साधारण २२० अंशांना वितळतं, ६६ साधारण २६० अंशांना, ते तपासायला उपकरण लागतं. ६ असेल तर ते मोडून पुन्हा नवं नायलॉन करता येतं. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियानात अक्वाफिल कंपनी २०११ पासून मासेमारीची टाकाऊ जाळी आणि कार्पेटची लव दोन्ही त्याच कामाला लावते. मालवण बंदरातलं फाटकं नायलॉनचं जाळं आणि तुमची हॉटेलची लव एकाच घराण्यातली. म्हणून जाळी विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला विचारा, पण त्याला नुसती लव हवी असेल, अख्खं कार्पेट नाही. हाताने लव कापत बसणं परवडणार नाही. आणि अख्खं पाठवाल तर तिसरा हिस्सा भाडं खडूचं. माझं मत विचाराल तर एकरंगी पाठवूच नका. टेम्पोच्या हौद्यात, जनरेटरखाली, साउंडवाल्यांच्या पेट्यांना आतून, असं आसपासच संपवा. चार माणसं लागतात तो रोल पट्ट्या कापल्यावर एकट्याने उचलता येतो.

चटयांचं काही होणार नाही. हाताने तुटतात म्हणजे त्यातला जीव गेला. ठिसूळ तुकडे अंगणात उडू देऊ नका, पोत्यात भरून नगरपंचायतीच्या सुक्या कचऱ्यात द्या.

कलमवाला_देवगड:

काथ्याच्या पट्ट्या मी घेतंय, वैनींनी सांगल्यार टेम्पो धाडतंय. एक विचारू काय? आमची फाटकी हिरवी शेडनेट साध्या पाण्यात तरंगली. ती ह्या मालाबरोबर जायत काय?

कार्डिंगवाला:

नाही. शेडनेट बहुतेक एचडीपीई या दुसऱ्या प्लास्टिकची असते, घनता ०.९५. ती तरंगते आणि पॉलिप्रॉपिलीनही तरंगतं, पण दोन्ही एकत्र वितळवली तर माल धड होत नाही. गासडी वेगळी बांधा. आणि ती बांधायला नायलॉनची सुतळी वापरू नका, घेणारा पहिली तीच उपटत बसतो.