सेंटिनल नोड निगेटिव्ह, म्हणजे सुटलो?

'सेंटिनल नोड स्वच्छ निघाला, आता मेलानोमा लिम्फ नोडमध्ये परत येणार नाही,' असं एकांनी लिहिलंय. (मेलानोमा म्हणजे त्वचेचा एक कर्करोग. तो पसरताना ज्या लिम्फ नोडमध्ये, म्हणजे लसिका गाठीत, आधी पोचतो तो सेंटिनल नोड. तो काढून तपासतात; निगेटिव्ह म्हणजे त्यात कर्करोग सापडला नाही.) धोका बराच कमी झाला हे खरं, पण शून्य नाही. निगेटिव्ह रिपोर्टनंतरही काही जणांना पुढे त्याच बाजूच्या काखेत किंवा जांघेत गाठ येते.

धोक्याचा अंदाज बांधायचा तर मूळ बायोप्सीचा रिपोर्ट पुन्हा काढा आणि 'ब्रेस्लो' शब्दापुढचा आकडा बघा. १९७० साली मांडलेलं मेलानोमाच्या जाडीचं (तो त्वचेत किती खोल गेलाय त्याचं) हे माप आजही सगळ्यात कामाचं. ०.८ मिमीपेक्षा कमी आणि अल्सरेशन (मेलानोमावरची कातडी तुटलेली असणं) नाही, तर धोका फारच थोडा. ४ मिमीच्या वर आणि अल्सरेशनही असेल तर गोष्टच वेगळी. (अल्सरेशन सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं बरं का, डोळ्यांना जखम दिसलीच पाहिजे असं नाही. इथेच बरेच जण गोंधळतात.) मायटोटिक रेट (पेशी किती वेगाने विभागतायत ते) आणि वयही हिशेबात धरतात.

आणि नोड पॉझिटिव्ह आला तरी उरलेल्या सगळ्या गाठी काढायचा जुना शिरस्ता आता मागे पडलाय. २०१७ च्या एमएसएलटी-२ या क्लिनिकल चाचणीत (रुग्णांवरच्या अभ्यासात) त्याने जगण्याचं प्रमाण वाढलं नाही, हातापायांची सूज मात्र वाढली. त्याऐवजी आता गाठींवर सोनोग्राफीने लक्ष ठेवतात, म्हणून सोनोग्राफीच्या तारखा तेवढ्या चुकवू नका.