परदेशात उतरल्यावर पहिली गाडी: रांगेतली टॅक्सी की अ‍ॅपवरची?

हिशेबनीस (धागाकर्ता)

विमानतळावर उतरलं की फोन चालू करायचा आणि थेट अ‍ॅप उघडायचं, ही सवय आता इतकी अंगवळणी पडली आहे की बाहेर टॅक्सीची रांग आहे का हे कुणी मान वर करून बघतही नाही. माझं मत उलटं आहे. शहर नवखं असेल तर पहिली फेरी रांगेतल्या परवानाधारक टॅक्सीनं करावी, निदान जिथे विमानतळाचं भाडं बांधून दिलेलं आहे तिथे तरी.

न्यूयॉर्क घ्या. जेएफके विमानतळ ते मॅनहॅटन पिवळ्या टॅक्सीचे सरळ ७० डॉलर, रस्ता तुंबलेला असो वा मोकळा. त्यावर टोल, ठरलेले अधिभार आणि कामाच्या दिवशी दुपारी ४ ते रात्री ८ या वेळेत ५ डॉलर जादा, टिप वेगळी. बसल्या बसल्या मीटरवर ‘रेट २’ (म्हणजे हे बांधीव भाडं) आलंय ना, एवढं बघायचं. ‘रेट १’ दिसलं तर ते साधं मीटर आहे. गाडी हलायच्या आत सांगितलं तर चालक बदलतो. उतरताना सांगितलं तर वाद होतो.

पॅरिसमध्ये शार्ल द गोल आणि ओर्ली या दोन्ही विमानतळांवरून शहरात यायचं भाडं २०१६ पासून ठरलेलं आहे. सीन नदीच्या उजव्या काठाला एक आकडा, डाव्या काठाला दुसरा, त्यामुळे हॉटेल कुठल्या काठावर आहे ते आधीच बघून ठेवलेलं बरं. रोमला फ्युमिचिनो विमानतळाहून ठरावीक भाडं आहे ते जुन्या ऑरेलियन तटबंदीच्या आतल्या पत्त्यांसाठी. हॉटेल तटबंदीच्या बाहेर असेल तर तो आकडा लागू होत नाही, आणि नेमक्या याच मुद्द्यावर लोक चालकाशी हुज्जत घालत बसतात.

अ‍ॅपचं भाडं मात्र मागणीप्रमाणे फुगतं. तीन मोठी विमानं एकापाठोपाठ उतरली की सगळे एकाच मिनिटाला तेच बटण दाबतात, मग आकडा चढणारच.

भटक्या

धागाकर्त्यांशी असहमत. बांधीव भाडं सगळीकडे नसतं, बाकी जगाचं काय? नवखा माणूस सगळ्यात जास्त नाडला जातो तो टॅक्सीतच. प्रकारही ठरलेले: मीटर ‘बंद पडलंय’, तुमचं हॉटेल ‘बंद झालंय, दुसरं दाखवतो’, सुटे नाहीत, आणि नोटेची अदलाबदल. ही शेवटची फार सफाईनं होते. तुम्ही मोठी नोट देता, चालक ती खाली नेतो, वर येते ती त्याच रंगाची छोटी नोट, आणि ‘ही कमी दिलीत’ असं तोंडावर सांगतो. उपाय एवढाच की आतला दिवा लावायला सांगायचा, एकेक नोट देताना आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि तिच्यावरची नजर काढायची नाही.

अ‍ॅपमध्ये यातलं काही उरत नाही. पत्ता स्थानिक लिपीत आपोआप जातो, भाडं आधी दिसतं, गाडीचा नंबर आणि गेलेला रस्ता नोंदवलेला राहतो. भाषा येत नसणाऱ्याला याहून काय हवं?

कलम_कायदा

दोघंही ‘टॅक्सी’ आणि ‘अ‍ॅपची गाडी’ अशी विभागणी करताय. कायद्याची विभागणी वेगळी आहे: रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते ती टॅक्सी, आणि आधी नोंदवावीच लागते ती खासगी भाड्याची गाडी. अ‍ॅप हे फक्त नोंदवायचं साधन. त्यावरून येणारी गाडी दोन्हींपैकी कुठलीही असू शकते.

लंडनमध्ये हा फरक अगदी स्वच्छ आहे. काळ्या टॅक्सीच्या टपावरचा पिवळा दिवा लागला असेल तर हात करा, थांबेल. मिनीकॅब, म्हणजे तिथली खासगी भाड्याची गाडी, मात्र परवानाधारक कंपनीमार्फत आधी नोंदवलेली असलीच पाहिजे. १९९८ चा स्वतंत्र कायदाच आहे त्यासाठी. रात्री नाट्यगृहाबाहेर कुणी ‘कॅब हवी का?’ म्हणत जवळ आला तर तो बेकायदा भाडं मारतोय, आणि नोंदणीशिवायच्या त्या फेरीला त्याचा विमाही लागू होत नाही. गाडीच्या पुढच्या-मागच्या काचेवर परवान्याची चकती असली तरीही! चकती गाडी परवान्याची आहे एवढंच सांगते, तुमची फेरी नोंदलेली आहे असं नाही.

जर्मनीत याहून कडक प्रकार. तिथे खासगी भाड्याच्या गाडीला फेरी संपल्यावर, वाटेत नवी नोंदणी मिळाली नसेल तर, आपल्या ठिकाणी परत जावं लागतं. टॅक्सीसारखं कोपऱ्यावर गिऱ्हाइकाची वाट बघत उभं राहता येत नाही. त्यामुळे अ‍ॅपवर गाडी लांब दाखवली की चालकाला दोष देण्यात अर्थ नसतो.

आणखी एक. लंडनच्या बहुतेक बस-मार्गिकांमधून काळी टॅक्सी जाऊ शकते, मिनीकॅब नाही. हा भेदभाव आहे म्हणून दावाही झाला होता, पण २०१५ मध्ये युरोपीय न्यायालयानं नियमाच्या बाजूनं मत दिलं. संध्याकाळच्या गर्दीत ट्रेन गाठायची असेल तर हा फरक मोठा आहे.

भटक्या

बस-मार्गिकेचा मुद्दा मान्य. पण गाडी सिग्नलला उभी असतानाही मीटर पळत असतं त्याचं काय? आणि लांबून फिरवलं तर परक्या माणसाला कळणार कसं?

हिशेबनीस

मीटर उभ्या गाडीत पळतं कारण ते तसंच बनवलंय, त्यात लबाडी नाही. गाडी वेगात असेल तर ते अंतर मोजतं, वेग एका मर्यादेखाली गेला की वेळ. न्यूयॉर्कचा दर बघा: बसल्याचे ३ डॉलर, मग ताशी १२ मैलांच्या वर दर १/५ मैलाला ७० सेंट, आणि संथ वाहतुकीत किंवा उभ्या गाडीला दर ६० सेकंदांना तेच ७० सेंट. ताशी १२ मैलांना मिनिटात बरोबर १/५ मैल होतो, म्हणून ती सीमारेषा.

आता ‘लांबून फिरवलं’चा हिशेब करा. ३ मैलांचा जवळचा रस्ता, पण गाड्या ताशी ६ मैलांनी सरकताहेत. अर्धा तास लागला, ७० सेंटचे ३० टप्पे, २१ डॉलर. तेच ४.५ मैलांचा वळसा घालून मोकळ्या रस्त्यानं ताशी ३० मैलांनी गेलात तर साडेबावीस टप्पे, म्हणजे १६ डॉलरच्या आसपास, आणि वेळ ९ मिनिटं. वळसा घेणारा चालक तुमचे पैसे वाचवतोय. नकाशावरची निळी रेघ धरून त्याच्याशी भांडणारा प्रवासी स्वतःच्याच खिशाला कात्री लावतो. (बसल्याचे ३ डॉलर आणि अधिभार दोन्हीकडे सारखेच, म्हणून धरले नाहीत.)

रात्रपाळी

अ‍ॅपवाल्यांनी एक लक्षात घ्यावं, की अ‍ॅप विमानतळावर उतरवून घेतलं तर बहुतेक वेळा घोळ होतो. खातं उघडायला नंबरावर कोड येतो, कार्ड जोडायला बँकेचा कोड येतो, आणि दोन्ही येतात जुन्या सिमवर, जे तुम्ही आत्ताच काढून पाकिटात ठेवलंय. म्हणून निघण्यापूर्वी घरूनच खातं आणि कार्ड जोडून ठेवा. त्या देशात कुठलं अ‍ॅप चालतं तेही बघा. उबरनं चीनमधला धंदा २०१६ मध्ये दीदी या तिथल्या अ‍ॅप-कंपनीला आणि आग्नेय आशियातला २०१८ मध्ये ग्रॅब या तिकडच्या अ‍ॅपला दिला. सिंगापूर किंवा बँकॉकला उतरून उबर उघडण्यात काही हशील नाही.

मग जागा. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर अ‍ॅपची गाडी दारात येत नाही, अल्पकालीन वाहनतळात जावं लागतं. लॉस एंजेलिसला २०१९ मध्ये अ‍ॅपच्या गाड्या आणि टॅक्सी दोन्ही टर्मिनल १ शेजारच्या वेगळ्या आवारात हलवल्या, म्हणजे बाहेर पडताच टॅक्सीची रांग समोर दिसेल हा भरवसाही सगळीकडे धरता येत नाही. सामान पट्ट्यावरून हातात येईपर्यंत गाडी बोलावू नका. चालक पोचल्यावर फुकट थांबायची मिनिटं मोजकीच असतात, पुढे आकार लागतो, आणि फारच उशीर झाला तर फेरी रद्द होऊन वर दंड.

गाडी आली की नंबरप्लेट जुळवा आणि मग विचारा, ‘कुणाला न्यायला आलात?’ नाव त्यानं सांगायचं, आपण नाही. ‘तुम्ही अमक्यासाठी ना?’ असं विचारलं तर कुणीही हो म्हणेल.

दोन_मुलं_चार_बॅगा

तिसरा पर्याय दोघांनीही गाळला: आधीच ठरवून ठेवलेली, नावाची पाटी घेऊन उभी राहणारी गाडी. चौघं आणि मोठ्या बॅगा असल्या की अ‍ॅपची ‘चार प्रवासी’ गाडी म्हणजे चार माणसं. चार बॅगा त्या डिकीत मावतील असं कुणी म्हटलेलं नसतं. नोंदवताना बॅगांची संख्या आणि आकार लिहून द्या, विमानाचा क्रमांकही द्या. फुकट थांबण्याचा वेळ विमान टेकल्यापासून मोजतात की तुम्ही लिहिलेल्या वेळेपासून, हे मात्र वाचून घ्या. दुसऱ्या प्रकारात विमानाला तासभर उशीर झाला तर तो तास तुमच्या माथी.

मुलांच्या आसनाबद्दल लोकांचा गोंधळ असतो. इंग्लंडमध्ये टॅक्सी किंवा मिनीकॅबमध्ये योग्य आसन नसेल तरी मूल नेता येतं, पण मागच्याच सीटवर: ३ वर्षं किंवा त्यावरच्याला मोठ्यांचा पट्टा लावून, त्याहून लहान असेल तर पट्ट्याशिवाय. कायद्याला चालतं, पण म्हणून सुरक्षित आहे असं नाही. आसन हवंच असेल तर आधी सांगून गाडी ठरवण्यावाचून इलाज नाही.

डावी_खिडकी

टोकियोपुरतं लिहितो. तिथे अ‍ॅप विरुद्ध टॅक्सी हा वादच पातळ होतो, कारण ‘गो’सारखं अ‍ॅप बोलावतं ती बहुधा टॅक्सीच. काचेमागे लाल अक्षरं दिसली की गाडी रिकामी. लाल बघून लोक हात खाली घेतात आणि रिकाम्या गाड्या पुढून निघून जातात. पॅरिसला उलट, टपावरचा हिरवा दिवा म्हणजे रिकामी, लाल म्हणजे भरलेली. टोकियोत मागचं डावं दार चालक आतूनच उघडतो-मिटतो, ते ओढू नका. रात्री १० ते पहाटे ५ भाडं २० टक्के चढतं. टिप नाही.

अवांतर: हाँगकाँगला रंग बघून बसा. लाल टॅक्सी शहरी, हिरवी न्यू टेरिटरीज या शहराबाहेरच्या भागापुरती, निळी लांताऊ बेटापुरती. हिरवीला हात करून मध्यवर्ती शहरात जायचं म्हणालात तर चालक मान हलवणारच. ते भाडं नाकारणं नव्हे, त्याची हद्दच तेवढी.

भटक्या

रात्रीच्या दराचा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला की! सिंगापूरला मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत मीटरवर ५० टक्के जादा. अ‍ॅपवर निदान आकडा आधी दिसतो, पटला नाही तर नाही बसत.

हिशेबनीस

दिसतो, पण त्या वेळी तोही फुगलेलाच असतो. सिंगापूरला दोन्ही उघडून ताडून बघावं, एवढं मान्य.

कार्डाचं राहिलं. लंडनच्या काळ्या टॅक्सीला २०१६ पासून कार्ड घेणं सक्तीचं आहे, त्यामुळे तिथे नोटांची हातचलाखी हा प्रश्नच येत नाही. यंत्रानं ‘तुमच्या चलनात की स्थानिक चलनात?’ विचारलं तर स्थानिक निवडा. आपलं चलन ओळखीचं वाटतं, पण त्यातला विनिमय दर यंत्रवाल्याचा असतो, बँकेच्या दरापेक्षा बहुधा महाग.

आणि पावती घ्याच. न्यूयॉर्कच्या पावतीवर टॅक्सीचा मेडॅलियन, म्हणजे परवान्याचा, क्रमांक छापलेला असतो. अ‍ॅपवाले म्हणतात हरवलेली वस्तू अ‍ॅपमधून शोधता येते. गाडीत फोनच राहिला तर?

भटक्या

तर दुसऱ्याच्या फोनवरून खात्यात शिरायचं. कोड हरवलेल्या फोनवरच जातो, हे मान्य, म्हणून खात्याला सोबतच्या माणसाचा ईमेलही जोडून ठेवावा. पण तुमची ती पावती चालक न मागता देतो का? आणि घेतलीत तरी बहुतेक जण ती फोनच्या कव्हरमध्येच खोचतात.