माळ्याचं घर साधंच असतं? पॉट्सडॅमचं बघा

कुणीतरी लिहिलंय की जुन्या इस्टेटींमधलं माळ्याचं घर म्हणजे चार भिंती नि वर छप्पर, त्यात आर्किटेक्चर ते काय बघायचं. मला हे अजिबात पटत नाही. बर्लिनजवळ पॉट्सडॅमला सान्सुसी या राजघराण्याच्या पार्कात शार्लोटनहोफ नावाचा छोटा राजवाडा आहे ना, तिथलं राजमाळ्याचं घर बघा, १८२९-३० मधलं. आर्किटेक्ट कार्ल फ्रिडरिश शिंकेलचं डिझाइन, प्रत्यक्ष बांधकाम बघितलं त्याच्या शिष्याने, लुडविग पर्सियसने, आणि प्रशियाचा युवराज, म्हणजे पुढचा राजा चौथा फ्रिडरिश विल्हेल्म, स्वतः स्केचेस काढून द्यायचा!

मजा अशी की ते घर मुद्दाम वाकडंतिकडं ठेवलंय. एक भाग बुटका, एक उंच, छपरांचा उतार अगदी कमी, मध्येच चौकोनी टॉवर, बाजूला वेल चढवलेला मांडव. इटलीतल्या खेड्यात पिढ्यानपिढ्या खोल्या वाढवत गेल्यावर घर जसं दिसतं तसं, पण इथे सगळं ठरवून केलेलं. समोरून एकदा फोटो काढून भागत नाही, चालत फिरावं लागतं, दर दहा पावलांना टॉवर आणि छपरं नव्याने जुळतात. नंतर शेजारी मदतनिसांचं घर, टी पॅव्हेलियन आणि १८३४-४० मध्ये रोमन बाथ्स, म्हणजे प्राचीन रोमन धाटणीचं स्नानगृह, जोडले. त्या बाथ्समध्ये आंघोळ कुणी केलीच नाही म्हणतात, माळ्याच्या घरात मात्र राजमाळी हेरमान सेलो खरंच राहायचा. आजूबाजूची बाग आखली बागांचा डिझाइनर पेटर योझेफ लेने याने, त्यामुळे घर आधी की झाडं आधी हे बघणाऱ्याला सांगताच येत नाही, आणि मला तर त्या अख्ख्या पार्कात राजवाड्यापेक्षा हेच जास्त आवडतं.