सल्ला हवा: १९७२ च्या अँबॅसेडरचं इंजिन घाटात ठोकतं (नॉकिंग), टायमिंग लाइट कोणती घेऊ? बजेट ४,०००

नौपाडा_७२
बाबांची मार्क टू आहे, घरात पहिल्या दिवसापासून. दोन वर्षं कव्हरखाली उभी होती, एप्रिलमध्ये बॅटरी आणि पेट्रोलचे पाइप बदलून चालू केली. सपाटीला झकास पळते. पण गायमुखच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पुढून टिणटिण आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा. चौथा टाकला तर आणखी वाढतो. पाय हलका केला की बंद. आणि हल्ली चावी काढल्यावरही इंजिन दोन-तीन आचके देऊन मग थांबतं.

एक मेकॅनिक म्हणाला टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, हललंय. दुसरा म्हणाला बेरिंग गेलं, इंजिन खोला, ४५,०००. दोघांनीही बॉनेट उघडून फक्त रेस देऊन बघितली, घाटात कोणी आलं नाही.

दिवाळीच्या आधी बाबांना याच गाडीतून कसारा चढून नाशिकला न्यायचंय. त्यांना ८० पूर्ण होतायत. मला ही वेळ तपासायची चांगली टायमिंग लाइट सुचवा, स्वतः बघेन म्हणते.

पामबीच_पद्मिनी
दादा, लाइटच्या भानगडीत पडूच नका. माझ्या ८४ च्या पद्मिनीला मी पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं, ११,५०० लागले. तीन वर्षांत डेल्कोचं (डिस्ट्रिब्युटरचं) झाकण उघडलेलं नाही. एकदा खर्च करायचा आणि विसरायचं.

खारघर_मार्कथ्री
लाइट घ्यायचीच तर मागे डायल असलेली घ्या, म्हणजे टायमिंग रेसबरोबर किती पुढे जातंय तेही कळतं. माझी ६,८०० ची आहे. स्वस्तातल्या दोन घेतल्या होत्या, एक आठवड्यात बंद पडली, दुसरीचा झोत दिवसा पुलीवर दिसायचाच नाही.

कोलशेत_ड्रायव्हर
शंभर ऑक्टेनचं, म्हणजे सहज न ठोकणारं पेट्रोल टाका. माझ्या स्कॉर्पिओच्या आधी कॉन्टेसा होती, तिला हाच त्रास होता. टाकी भरली आणि आवाज गायब.

नौपाडा_७२
बजेट ४,००० आहे हो. आणि मी ताई आहे, दादा नाही.

तुर्भे_टर्नर
ताई, एक रुपयाही खर्च करण्याआधी आवाज कसला आहे ते ठरवा.

तुम्ही जे वर्णन केलंय, दाबल्यावर येतो, सोडल्यावर जातो, जड गिअरमध्ये वाढतो, ते नॉकिंगचंच आहे. ठिणगी पडल्यावर पेट्रोल-हवेचं मिश्रण प्लगपासून पुढे सरकत जळायला हवं. ठिणगी फार लवकर पडली किंवा इंजिनाचं हेड (सिलिंडरवरचं झाकण) फार तापलं, तर कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच एकदम भडकतं. तो दाबाचा फटका म्हणजे तुमची टिणटिण. बेरिंगचा आवाज असा नसतो. बिग-एंड (क्रँककडचं बेरिंग) गेलेलं असेल तर ठक्-ठक् असा जड, खोलातला आवाज येतो, ऑइलचा दाब कमी दाखवतो, आणि उभ्या गाडीत रेस वरखाली करतानाही ऐकू येतो.

परीक्षा सोपी आहे. डेल्कोचा क्लॅम्प किंचित सैल करा, टायमिंग थोडंसं मागे घ्या (ठिणगी जरा उशिरा), तीन-चार अंशच, आणि त्याच घाटात त्याच गिअरमध्ये जा. आवाज गेला किंवा अर्ध्यावर आला तर ते नॉकिंग. तिळमात्र फरक नाही पडला तर टॅपेट, पेट्रोल पंपाचा लिव्हर, बेरिंग या दिशेने जा. ४५,००० चा निर्णय त्यानंतर.

मागे कुठे फिरवायचं: अँबॅसेडरचा रोटर (डेल्कोच्या आतला फिरता भाग) डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरतो. डेल्कोची बॉडी रोटरच्या दिशेने फिरवली की टायमिंग मागे, विरुद्ध फिरवली की पुढे. आधी चुन्याने किंवा पेन्सिलीने बॉडीवर आणि ब्लॉकवर एक रेघ मारून ठेवा, म्हणजे परत जागेवर आणता येईल.

खारघर_मार्कथ्री
टर्नरकाका बरोबर आहेत, पण अंदाजे तीन-चार अंश कसे मोजणार? त्यालाच लाइट लागते.

तुर्भे_टर्नर
बारा व्होल्टचा बल्ब आणि दोन वायर. ४० रुपये.

आधी पॉइंट. पॉइंटची फट बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून फट आधी, टायमिंग नंतर. तुमच्या ल्युकासच्या डेल्कोला फट १४ ते १६ थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर. प्लगची फट २५ थाऊ. ही दोन्ही मापं फिलर गेजने घ्यायची, डोळ्याने नाही. पॉइंटची फट जास्त झाली तर पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं.

मग चारही प्लग काढा. रेडिएटरकडच्या पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा ठेवून कोणालातरी हँडलने इंजिन फिरवायला सांगा. हवा अंगठा ढकलू लागली की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. आता खाली क्रँकच्या पुलीवर खाच आहे आणि चेनच्या कव्हरवर तीन टोकं आहेत. लांब टोक म्हणजे पिस्टन सगळ्यात वर, बाकीची दोन ५ आणि १० अंश आधीची. कित्येक वर्षांचं ऑइल तिथे साचलेलं असतं, रॉकेलने पुसा आणि खाचेत पांढरा रंग भरा.

बल्बची एक वायर डेल्कोच्या बाजूच्या बारीक वायरच्या टर्मिनलला, दुसरी ब्लॉकला. चावी चालू. पॉइंट बंद असतील तर बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. हँडल हळूहळू, फक्त पुढच्या दिशेने फिरवा. जास्त गेलं तर बरंच मागे घेऊन परत पुढे या, नाहीतर चेनची ढील मोजमापात येते. बल्ब जिथे पेटतो तिथे खाच कुठे आहे ते बघा. तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तिथे यायला हवी.

वाशी_व्हिंटेज
थोडं विषयांतर. १९७२ ची म्हणजे तुमची गाडी ५० वर्षांपुढची आहे, विंटेज म्हणून नोंदवली का? २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार जुना नंबर तसाच ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्यांना नंबराची व्हीए मालिका आणि २०,००० फी. पण मूळ स्वरूप शाबूत लागतं. इलेक्ट्रॉनिक किट बसवून मूळपण घालवू नका.

पामबीच_पद्मिनी
नियमात चॅसिस, बॉडी आणि इंजिनमधले मोठे बदल म्हटलंय. झाकणाखालचा एक सेन्सर म्हणजे इंजिन बदलणं नव्हे. जुना डेल्को मी तेलाच्या कापडात गुंडाळून ठेवलाय, अर्ध्या तासात परत बसतो.

वाशी_व्हिंटेज
आणि विंटेज नोंदणी केली की गाडी रोजच्या वापराला चालत नाही हेही लक्षात घ्या ताई. नाशिकला जायचंय तर आधी नियम नीट वाचा.

पामबीच_पद्मिनी
ताईंनी नोंदणीबद्दल विचारलेलं नाही.

कोलशेत_ड्रायव्हर
सगळा घोळ या नव्या ई२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचा आहे. पूर्वी अशा गाड्या कधी ठोकायच्या का?

तुर्भे_टर्नर
ठोकायच्या. फेब्रुवारी २००० मध्ये शिसंवालं पेट्रोल देशभर बंद झालं तेव्हाही गॅरेजमध्ये हेच ऐकलंय. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं, कमी होत नाही. या इंजिनाचं कॉम्प्रेशन सात-साडेसातच्या घरातलं, त्याला ९१ ऑक्टेनसुद्धा पुरून उरतं. म्हणून शंभर ऑक्टेनने आवाज लपेल, कारण तसंच राहील.

पण कोलशेतवाले पूर्ण चूक नाहीत. पेट्रोल पूर्ण जळायला एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, इथेनॉलला ९ च. कार्बोरेटरचा जुना जेट (पेट्रोलचं बारीक भोक) तोच ठेवला की ई२० वर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त पडते, इंजिन गरम चालतं आणि नॉकिंगला वाट मिळते. प्लगचा रंग बघा. पांढरट खडूसारखा असेल तर मिश्रण पातळ, चॉकलेटी-राखाडी असेल तर ठीक. आणि डायफ्रॅम, रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला.

खारघर_मार्कथ्री
ताई, डेल्कोचं झाकण काढलंच आहे तर खालची प्लेट उचलून दोन स्प्रिंग बघा. त्या वजनांना ओढून धरतात, आणि रेसबरोबर ती वजनं बाहेर सरकून टायमिंग पुढे नेतात. स्प्रिंग तुटली तर कमी रेसलाच टायमिंग पुढे पळतं, आणि घाटात नेमकं हेच होतं. माझ्याकडे एक सैल होती, मी लगेच तिचं टोक वाकवून ताठ केली.

तुर्भे_टर्नर
ते करू नका! त्या डेल्कोत एक स्प्रिंग पातळ आणि ताणलेली असते, दुसरी जाड आणि मुद्दाम लांब कडीची, हाताला सैल लागणारी. जाड स्प्रिंग जास्त रेसला कामाला लागते. तिला ताठ केलं तर टायमिंग पुढे जायचंच थांबतं, गाडी मंद होते आणि तापते. सैल म्हणजे बिघडलेली नव्हे. तुटलेली वेगळी.

खारघर_मार्कथ्री
अच्छा. म्हणून माझी गाडी ७० च्या पुढे दम खात होती. आज उघडतो.

पामबीच_पद्मिनी
डेल्कोचा शाफ्ट बाजूला हलतो का तेही बघा. शाफ्टची बुश झिजली असेल तर पॉइंटची फट दर फेऱ्याला वेगळी पडते, मग कितीही सेट करा. पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला संपल्या तेव्हा मी भंगारातून पाच डेल्को आणले, पाचांपैकी एकाचाच शाफ्ट धड होता. म्हणूनच म्हणतो, किट.

बेलापूर_नवखा
माझाही हाच प्रश्न आहे, ९८ ची मारुती ८००. लाइट कोणती घ्यावी?

कळवा_खाडीकाठ
ताईंच्या पहिल्या पोस्टमधलं शेवटचं वाक्य कोणीच घेतलं नाही. चावी काढल्यावर इंजिन आचके देतं. ठिणगी बंद आहे, तरी पेट्रोल पेटतंय, म्हणजे आत कुठेतरी काहीतरी लाल तापलेलं आहे. कार्बनचा खडा, नाहीतर चुकीच्या हीटचा (उष्णता लवकर न सोडणारा) प्लग. ते टायमिंगने जाणार नाही. आयडल (उभ्या गाडीतली रेस) फार चढवून ठेवलाय का? हेड आजवर किती वेळा प्लेन केलंय? दर वेळी थोडं थोडं घासून कॉम्प्रेशन वाढतं. रेडिएटर शेवटचा कधी साफ केला?

आमच्या वडिलांची लँडमास्टर अशीच होती. आम्ही वर्षभर टायमिंग मागे मागे घेत राहिलो. आवाज गेला, पण तिचा पिकअपही गेला, आणि शेवटी एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळला. टायमिंग फार मागे गेलं की आग बाहेर जाताना व्हॉल्व्ह भाजते.

नौपाडा_७२
आज रविवार, सकाळपासून पार्किंगमध्ये होतो. टर्नरकाकांच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. बाबा खुर्ची टाकून बल्ब धरून बसले, हँडल माझ्या मुलाने फिरवलं.

पॉइंटची फट २५ थाऊ निघाली! कोणीतरी प्लगचं माप पॉइंटला लावलं होतं. बल्ब १० अंशाच्या टोकाच्याही बराच आधी पेटत होता. फट १५ वर आणली, मॅन्युअलच्या आकड्यावर सेट केलं. डेल्कोच्या बाजूला ए आणि आर अक्षरांचा बारीक स्क्रू आहे, तो बाबांनी दाखवला, शेवटचा फरक त्याने मिळवला. स्प्रिंग दोन्ही शाबूत. शाफ्ट हलत नाही.

दुपारी गायमुखला गेलो. तिसऱ्यात आवाज नाही. चौथ्यात अगदी शेवटच्या चढाला किंचित. बेरिंग नाही हे नक्की झालं, ४५,००० वाचले. खर्च: फिलर गेज १८०, बल्ब आणि वायर ६०.

पण चावी काढल्यावरचे आचके तसेच आहेत. प्लग पांढरट, दोन नंबरचा जास्त. हेड एकदाच प्लेन झालंय, बाबांच्या आठवणीप्रमाणे ८८-८९ च्या सुमारास.

खारघर_मार्कथ्री
अभिनंदन! आता हात लावू नका. दिवाळीला पंधरा दिवस आहेत, गाडी चालतेय, जाऊन या.

पामबीच_पद्मिनी
हेच म्हणतो. चालती गाडी उघडू नये. कसाऱ्यात तिसऱ्यातच राहा, घाई करू नका.

कोलशेत_ड्रायव्हर
फक्त त्या दिवसापुरतं शंभर ऑक्टेन टाका, निर्धास्त जाल.

तुर्भे_टर्नर
मीही म्हणेन की मिश्रण थोडं जाड करा, एक टप्पा थंड हीटचे प्लग घाला, आयडल उतरवा आणि आधी नाशिक करून या. हेड परत आल्यावर.

नौपाडा_७२
सगळ्यांचं ऐकलं, मनापासून आभार. पण मी हेड उतरवतेय, याच आठवड्यात. रबाळेला एक जुने मिस्त्री आहेत, ते म्हणाले कार्बन काढणं, व्हॉल्व्ह घासणं आणि नवं गॅस्केट मिळून ७,५०० होतील. बजेटच्या बाहेर आहे, पण लाइट घेणारच नाहीये आता. ८० वर्षांच्या माणसाला शेजारी बसवून कसारा चढताना प्रत्येक वळणावर कान इंजिनाकडे लावून मला बसायचं नाही. पंधरा दिवसांत नाही झालं तर तारीख पुढे ढकलू, बाबांना चालणार आहे. हेड उतरवताना ते स्वतः तिथे थांबणार आहेत, परवा जुना डांगरी सूट शोधून काढलाय त्यांनी.

कळवा_खाडीकाठ
मग इतकं करा. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) ज्या भोकातून निघतील त्याच क्रमाने पुठ्ठ्यात खोचून ठेवा. कार्बन लाकडी चपटीने काढा, पिस्टनवर लोखंडी पाना नको. नट मधून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क रेंचने. इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर परत एकदा, आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा. प्रत्येक वेळी टॅपेट तपासा. आणि हेड बसल्यावर बल्ब लावून टायमिंग परत बघाच.

बेलापूर_नवखा
खारघरवाले दादा, तुमच्या त्या दोन स्वस्तातल्या लाइट्सपैकी जी चालते ती विकणार का? मी खारघरला येऊन घेऊन जाईन.

नौपाडा_७२
गुरुवारी हेड उघडतंय. दोन नंबरच्या पिस्टनचा फोटो टाकते.