मदत हवी आहे: लेदर जॅकेटच्या आत थंडीसाठी काय घालावं?

नमस्कार मंडळी,

दत्तजयंतीला जळगावहून बाईकवर सारंगखेड्याच्या यात्रेला जायचंय, पहाटेच निघणार. डिसेंबरात आपल्या खान्देशातला पहाटेचा गारठा तुम्हाला सांगायला नको. केळीच्या बागांजवळून गाडी गेली की तर हुडहुडीच भरते.

जॅकेट लेदरचं आहे, अंगाबरोबर बसणारं. वारा छान अडवतं, पण चामडं एकदा गार पडलं की ऊब काही देत नाही. आत जाड स्वेटर घातला तर खांदे आवळतात, हँडल धरताना बाही वर ओढली जाते आणि कोपराचं पॅड जागचं सरकतं. पडल्यावर ते कोपरावरच हवं, म्हणून जाड काही नकोच. कॉटनचा बनियन घामाने ओला झाला की लवकर वाळत नाही, मग आणखीच गारठायला होतं.

माझा विचार असा: अंगालगत पातळ मेरिनो लोकरीचा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट, वर बिनबाह्यांचं फ्लीस (मऊ, उबदार कापडाचं जॅकेट). छाती-पाठ उबदार, हात मोकळे. दुपारी ऊन चटकलं की फ्लीस काढून बॅगेत.

मेरिनोऐवजी पॉलिस्टरचं थर्मल चालेल का? स्वस्त असतं, पटकन वाळतं, पण घामाचा वास धरतं. जळगाव-धुळ्यात मेरिनो घालून बघायला कुठे मिळेल? वर जॅकेट चढवूनच माप बघायचंय. गळ्याला बफ (डोक्यातून घालायची कापडी नळी) पुरेल का? मफलरचं टोक सुटून गाडीच्या चेनमध्ये जायची भीती वाटते.

थंडीत तोरणमाळचा घाट केलेल्या दादा-ताईंनी नक्की सांगा.