मॅच बंद पडली तर क्लबचा पैसा नेमका कुठं बुडतो?

टिळकवाडी लेफ्टबॅक
मंडळी एक डाऊट आहे. आमच्या मंडळाची सेव्हन-अ-साईड फुटबॉल स्पर्धा यंदा सेमीफायनललाच पावसानं धुतली. लाईटवाला, मंडपवाला, रेफरी सगळ्यांचं द्यावंच लागलं आणि स्पॉन्सर म्हणतोय फायनल झाली नाही तर पैसे कसले. दोन्ही कप आमच्या कपाटावर प्लास्टिकमध्ये पडून आहेत, आई रोज विचारतेय कधी नेणार म्हणून. मोठ्या क्लबांचं कसं असतं? तिकिटंच बुडतात ना फक्त?

निपाणीकर १०
तिकिटाचं काय घेऊन बसलास मर्दा, खरा पैसा टीव्हीचा. इंग्लंडची प्रीमियर लीग कोरोनामुळं १३ मार्च २०२० ला थांबली, १७ जूनला परत सुरू झाली, राहिलेल्या सगळ्या मॅचेस झाल्या की, तरी टीव्हीवाल्यांना ३३० मिलियन पौंडांच्या आसपास परत द्यायचं आलं असं तेव्हा छापून आलेलं, कारण ठरलेल्या तारखेला मॅच दिली नाही आणि दिली ती रिकाम्या स्टेडियमात. जर्मनीवाले १६ मेलाच एवढ्या घाईनं का उतरले? टीव्हीचा शेवटचा हप्ता अडकलेला, ३०० मिलियन युरोच्या घरातला. मॅन युनायटेडचं उत्पन्न त्या सीझनला ६२७ वरनं ५०९ मिलियन पौंडांवर आलं. पण ते त्या वर्षी युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्येही नव्हते, तिथला पैसाही नाही, उगाच सगळं कोरोनाच्या डोक्यावर घालू नका.

खानापूर एक्सप्रेस
हे वरच्यांचं झालं. खालच्या क्लबांना टीव्हीचं मिळतंय किती? त्यांचं घर गेटवर, म्हणजे तिकिटांवर चालतं. म्हणून तर इंग्लंडच्या लीग वन आणि लीग टूनं जून २०२० मध्ये सीझन तिथंच गुंडाळला, प्रेक्षक नाहीत आणि वर टेस्टिंगचा खर्च, खेळलं तर आणखी तोटा. कोल्हापुरात शाहू स्टेडियमला प्रेक्षकच सोडले नाहीत तर काय होईल बघा, तसंच.

अनमोड मार्गे
लांब कशाला जाताय, आपली आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग बघा की. भारताच्या फुटबॉल फेडरेशनबरोबरचा आयोजकांचा १५ वर्षांचा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता, वर्षाला ५० कोटींचा होता तो, पुढचं काही ठरेना म्हणून त्या वर्षी जुलैमध्येच आयोजकांनी सीझन होल्डवर टाकला. मॅच नाही तर स्पॉन्सर कुठल्या शर्टावर पैसे लावणार? ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीनं फर्स्ट टीमचे आणि स्टाफचे पगार थांबवले. खेळाडूचं करिअर दहा-बारा वर्षांचं, त्यातलं अर्धं वर्ष असं बसून गेलं तर कोण भरून देणार हो?

माझा पण एक बुडीत हिशेब आहे. १४ मार्च २०२० ची गोव्यातल्या फातोर्ड्याची आयएसएल फायनल, एटीके-चेन्नईन. आम्ही सहाजण जाणार होतो, गाडी ठरवून ॲडव्हान्स दिलेला आणि ऐन वेळी प्रेक्षकांना बंदी. मॅच झाली, ३-१, आम्ही घरात भडंग खात टीव्हीवर बघितली. गाडीवाल्यानं रुपया परत दिला नाही, त्याचं पण बरोबरच म्हणा, त्यानं दुसरं भाडं सोडलेलं.

निपाणीकर १०
@लेफ्टबॅक स्पॉन्सरकडनं अर्धे आधी घ्यायचे की रे! बॅनर तर पहिल्या दिवसापासनं लागलेला ना?

टिळकवाडी लेफ्टबॅक
लागलेला की! सगळ्या फोटोत त्याचाच बॅनर दिसतोय. उद्या फोटो घेऊनच जातो दुकानात. आणि सेमीत राहिलेल्या चारी टीमचे कॅप्टन वाचत असतील तर रविवारी ग्राउंडवर या, टॉस उडवून कप घेऊन जावा.