मदत हवी आहे : भंडारदऱ्याला तंबूत राहायचंय, सोबत सत्तरीचे सासू-सासरे आणि दोन मुलं

नमस्कार मंडळी,

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भंडारदऱ्याला जायचं घाटतंय. ठाण्याहून आमची गाडी. मी, नवरा, दहा आणि पाच वर्षांची पोरं आणि सासू-सासरे. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, थोरल्याला खूप तारे बघायचेत, धाकटीला काहीही झालं तरी तंबूतच झोपायचंय, नवऱ्याला चुलीवरचं चिकन पाहिजे आणि सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत त्यामुळे त्यांना फक्त विल्सन धरण बघायचंय, १९२६ साली बांधून झालेलं दगडी धरण म्हणजे त्यांच्यासाठी देऊळच. सासूबाई म्हणतात मी कुठेही येईन पण संडास नीट पाहिजे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, खाली बसता येत नाही.

नेटवर बघितलं तर डोकं भणभणायला लागलं. पाण्याच्या काठाला साधे तंबू माणशी दीड हजारात सांगतायत, जेवण-नाश्ता धरून, आणि ग्लॅम्पिंग म्हणून ते पांढरे गोल घुमट आहेत त्याचे रात्रीचे सात हजार, आत पलंग आणि स्वतंत्र बाथरूम. फोटोत सगळंच भारी दिसतं. एका पॅकेजवाल्याने तर काजवे दाखवू, अम्ब्रेला फॉल दाखवू असं पण लिहिलंय.

तर विचारायचं असं की एवढ्या वयाच्या माणसांना तंबूत झोपवावं का, थंडी किती असते, कोणत्या बाजूला राहावं (धरणाजवळचं शेंडी गाव की पलीकडची रतनवाडी), आणि जाताना कसारा घाट की समृद्धी? दोनच रात्री आहेत, प्लीज अनुभव असलेल्यांनी सांगा.

डोंगरभटक्या

काजवे डिसेंबरात? त्या पॅकेजवाल्याला माझा नमस्कार सांगा. काजवे मे महिन्याच्या शेवटी ते साधारण जूनच्या मध्यापर्यंत, पाऊस लागायच्या आधी. आणि अम्ब्रेला फॉल म्हणजे धरणातून पाणी सोडलं की दिसणारा प्रकार, तो बघायचा पावसाळ्यात. जो माणूस हे दोन्ही डिसेंबरात विकतो त्याचं बाकीचं पण तपासून घ्या.

पण तारे मात्र एकदम बरोबर टायमिंगला पकडताय. १३-१४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का सगळ्यात जास्त पडतात, रात्री दहानंतर अंधारात चटई टाकून नुसतं उताणं पडायचं, दुर्बीण वगैरे काही लागत नाही. फक्त त्या दिवशी चंद्र किती वाजेपर्यंत आहे ते कॅलेंडरमध्ये बघून ठेवा. खरा त्रास चंद्राचा नाही, तंबूवाल्यांच्या लायटिंगच्या माळांचा आणि स्पीकरचा आहे. शनिवारी शेंडीच्या बाजूला काठावर एकाला लागून एक तंबू असतात आणि प्रत्येकाचं वेगळं गाणं. जमलं तर रविवार-सोमवार करा, थोरल्याची एक दिवस शाळा बुडू दे.

प्रवराकाठ

मी अकोले तालुक्यातलाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. ताई, रतनवाडी, साम्रद, घाटघर ही सगळी गावं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतात. वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीची पावती फाडावी लागते. रतनवाडी शांत आहे, अमृतेश्वराचं देऊळ अगदी गावात आहे, मागे रतनगड, सकाळी धुकं उतरतं ते बघण्यासारखं. पण मोबाईलची रेंज कधी आहे कधी नाही, आणि रात्री कोणाला बरं वाटेनासं झालं तर धरणाला वळसा घालून शेंडीला यायचं, तिथून पुढे राजूर. म्हातारी माणसं सोबत असतील तर मुक्काम शेंडीतच करा आणि रतनवाडी दिवसा करून या, बोटीने किंवा गाडीने. बोटीने जाणार असाल तर सगळ्यांना लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय बसू नका, पोरांच्या मापाचं आहे का तेही बघा.

डिसेंबरात धरणात पाणी भरपूर असतं त्यामुळे तंबू पाण्याच्या अगदी जवळ लावतात. फोटोला छान, पण काठ कुठे गाळाचा आणि कुठे एकदम खोल. पाच वर्षांच्या पोरीला घेऊन पहिल्या ओळीतला तंबू घेऊ नका.

सांदण दरी तुम्ही विचारली नाहीत ते बरं केलंत. आत मोठमोठे दगड आहेत, सासूबाईंना जमायचं नाही. साहेबांना धरण झाल्यावर रंधा धबधब्याकडे न्या, आवर्तन (शेतीसाठी धरणातून सोडलेलं पाणी) चालू असेल तर पाणी असतं, नसेल तर नुसती कपार. आणि तसंच पुढे राजूरला जाऊन पेढे घ्या.

झोपाळू

थंडीबद्दल मी सांगते. रात्री पारा दहाच्या खाली जाऊ शकतो आणि पाण्यावरून वारा येतो तो वेगळाच. लोक चार-चार ब्लँकेटं पांघरतात आणि तरी कुडकुडतात कारण गारवा खालून येतो. जाड सतरंजी किंवा गादी खाली पाहिजे, पांघरूण नंतर. दुसरं म्हणजे दव. तंबूची चेन पूर्ण लावून झोपलं की पहाटे आतल्या कापडाला सगळ्यांच्या श्वासाचं पाणी धरतं आणि कोणी हात लावला की टपटप अंगावर, त्यामुळे वरची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि कपड्यांच्या बॅगा कापडाला टेकवायच्या नाहीत.

आणि प्लीज, कितीही थंडी वाजली तरी कोळशाची शेगडी तंबूत घ्यायची नाही. विझत आलेली पण नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतच नाही. कॅम्पवाला "काही होत नाही मॅडम" म्हणाला तरी नाही.

आसनगाव फास्ट

समृद्धीनेच जा. आमणे ते इगतपुरी टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, कसाऱ्याची घाटातली रांग वाचते. टोल आहे पण पोरं ओकत नाहीत, त्यात वसूल. इगतपुरीला उतरून घोटी, घोटीवरून बारीमार्गे शेंडी. बारीतून कळसूबाई दाखवा पोरांना, १६४६ मीटर, खालूनच दाखवा म्हणजे झालं.

संडासाचं म्हणाल तर "वेस्टर्न आहे का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. आत्ताच्या आत्ता व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा म्हणायचं, आणि तंबूपासून किती पावलं, वाटेत दिवा आहे का. सात हजारवाल्या घुमटालाही हेच विचारा. प्लॅस्टिकचा घुमट दुपारी तापतो आणि रात्री तंबूइतकाच गार पडतो, पैसे पलंगाचे आणि बाथरूमचे असतात.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे खूप आभार! फोटो मागितला तर एकाने फोन उचलणंच बंद केलं, म्हणजे कळलं काय ते. आता असं ठरतंय की आई-बाबांना शेंडीत पक्की खोली, कमोड आणि गिझर बघून, आणि आम्ही चौघं तिथून चालत अंतरावर मागच्या ओळीतल्या तंबूत, रविवार-सोमवार. लायटिंगच्या माळा दहाला बंद करतो असं तंबूवाल्याने कबूल केलंय, बघू. बाबा म्हणतायत धरणाच्या भिंतीवर जाऊ देतात का?

आणि एक राहिलं, आई कांदा-लसूण खात नाहीत. तिथे काय मिळेल?

प्रवराकाठ

भिंतीवर सरसकट सोडत नाहीत, साहेबांनी जलसंपदाच्या तिथल्या ऑफिसात जाऊन आपली ओळख सांगावी, पुढचं त्यांच्या हातात. नाहीतर खालच्या बागेतून पूर्ण भिंत दिसते.

जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा, ऐन वेळी सांगितलंत तर पिठल्यात लसूण पडलेलाच असतो. नागलीची भाकरी, वरण आणि इंद्रायणीचा भात म्हणा, कोणीही करून देईल. खुरसणीची (कारळ्याची) चटणी मागाल तर तीही बिनलसणाची वेगळी वाटायला सांगा.